दिलेला शब्द आणि परत मागितलेलं नागरिकत्व



आजचा विषय आम्हाला एका फोनमुळे सुचला. आमच्या वर्गात कधीकाळी तर्कशास्त्र शिकलेली, मेहकरकडची एक मुलगी आता अमेरिकेत असते. मुलगी म्हणतो आम्ही, पण तीही आता पन्नाशीकडे झुकलीय. ती म्हणाली, "सर, नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झाला. पुढच्या महिन्यात शपथ आहे. पण शपथेचा मजकूर वाचला आणि मन थांबलं."

थांबण्यासारखंच आहे ते. त्या शपथेत आधीच्या देशाविषयीची सारी निष्ठा सोडल्याचं जाहीर करावं लागतं. इकडे आपल्या संविधानाचं कलम 9 आणि 1955चा नागरिकत्व कायदा सांगतो की स्वेच्छेनं परदेशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. पासपोर्ट परत करावा लागतो. इथवर पोहोचायला तिची कितीतरी वर्षं गेली होती. ग्रीन कार्डांत एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्के, देश लहान असो की भारताएवढा, म्हणून आपल्या लोकांची रांग हलता हलत नाही. ते मिळाल्यावर पुन्हा साधारण पाच वर्षांचं वास्तव्य, मग अर्ज, मुलाखत, परीक्षा. एवढं सगळं पार करून ती आम्हाला विचारते, "सर, देश असा कागदावर बदलता येतो का?"

आम्हाला त्या रात्री नीट उत्तर देता आलं नाही. मग वाचत बसलो. जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात अमेरिकेपासून नको, बुलडाण्यापासून करू. आपल्यापैकी जे वऱ्हाडातले जुने रहिवासी आहेत, त्यांनी आपल्या आजोबांचं नागरिकत्व कोणतं होतं हे कधी विचारलंय? गंमत आहे बघा. 1853च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं, पण मालकी निजामाचीच राहिली. 1902 साली इंग्रजांनी ते कायमच्या पट्ट्यानं घेतलं, तरी नावाला सत्ता निजामाचीच. 1936च्या करारानं तर निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताबही मिळाला. म्हणजे कारभार इंग्रजांचा, सातबारा निजामाचा, आणि आजोबा शेतात. देऊळगाव राजाकडचा माणूस जालन्याच्या बाजाराला निघाला की वाटेत निजामाचा करोडगिरीचा नाका लागायचा. इकडे कलदार रुपया, तिकडे हाली. एकाच बोलीची, एकाच सोयरिकीची माणसं, आणि मधे परकं राज्य. आजोबांना कुणी विचारलं नाही की तुम्ही कुणाचे. ते कुणाचे तरी प्रजाजन होते, एवढंच. प्रजेला अर्ज करावा लागत नाही. प्रजा तहात हस्तांतरित होते, गावं आणि गुरंढोरं होतात तशी.

नागरिक ही गोष्ट वेगळी आहे. तिथे माणूस म्हणतो की मला या राज्याचा भागीदार व्हायचं आहे, आणि राज्य म्हणतं, हो किंवा नाही. त्या 'हो' आणि 'नाही'ला काहीतरी कारण द्यावं लागतं. ते कारण कोणतं असावं, हा आजचा खरा प्रश्न.

आता अमेरिकेकडे वळू. तिथे परक्या माणसाला नागरिक करून घेण्याचा पहिला कायदा 1790चा. त्यात अट होती 'मुक्त गोरा माणूस' असण्याची. गोरा म्हणजे कोण, याची व्याख्या कायद्यात दिली नव्हती. ती देण्याची गरज आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नसावं. पुढे गुलामगिरीवरून यादवी युद्ध झालं, गुलामी संपली, आणि 1870 साली त्या कायद्यात दुसरं दार उघडलं गेलं: आफ्रिकेत जन्मलेले आणि आफ्रिकी वंशाचे लोकही अर्ज करू शकतील. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1873मध्ये, पुण्यात महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या सज्जनांना, ज्यांनी काळ्या माणसांना दास्यातून सोडवलं त्यांना. हे लक्षात ठेवा, याच्याकडे आपण परत येणार आहोत.

आता कायद्याला दोन दारं झाली. एक गोऱ्यांचं, एक आफ्रिकी वंशाचं. विसाव्या शतकाच्या आरंभी आपली माणसं तिथे पोहोचू लागली तेव्हा प्रश्न उभा राहिला, हे कोणत्या दारातून येणार? त्या काळच्या अशा जवळजवळ सर्व अर्जदारांनी, मग ते जपानी असोत, सिरियन असोत की भारतीय, गोऱ्यांचंच दार ठोठावलं. आपल्याकडचं पहिलं गाजलेलं प्रकरण भिकाजी बलसारा या मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याचं. न्यूयॉर्कच्या न्यायाधीशानं त्यांचा अर्ज मंजूर केला, पण मनात शंका ठेवूनच. सरकारनं अपील करावं म्हणजे वरचं कोर्ट निकाल देईल, अशी त्याची इच्छा होती. 1910 साली वरच्या कोर्टानंही सांगितलं की पारशी गोरे आहेत. दार थोडं किलकिलं झालं.

त्याच दारातून 1914 साली कॅलिफोर्नियात एक गृहस्थ आत गेले. नाव सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, 1875चा, पण नाव मराठी कानाला अगदी शेजारच्या आळीतलं वाटतं. 1906 साली ते अमेरिकेत गेले. त्यांच्या अर्जाला सरकारी पक्षानं तेव्हाच हरकत घेतली होती, हा मनुष्य गोरा नाही अशी. कोर्टानं दोन्ही बाजू ऐकून अर्ज मंजूर केला आणि सरकारनं अपील केलं नाही. पंडितांनी मग काय केलं? नागरिक माणूस जे करतो तेच. कायद्याचा अभ्यास केला, 1917 साली वकिलीची सनद मिळवली, लॉस एंजेलिसमध्ये व्यवसाय थाटला, 1920मध्ये लिलियन नावाच्या अमेरिकन स्त्रीशी लग्न केलं. आणि आपल्या देशबांधवांच्या बाजूनं कोर्टात उभे राहू लागले.

याच सुमारास दुसरा एक माणूस दार ठोठावत होता. भगतसिंग थिंद. अमृतसरकडचे शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात भरती झालेले. डिसेंबर 1918मध्ये लष्करी गणवेशातच त्यांना नागरिकत्व मिळालं, आणि चारच दिवसांत काढून घेतलं गेलं. कारण तेच, गोरे नाहीत. थिंदांनी पुन्हा अर्ज केला. सरकारी अधिकाऱ्यानं या वेळी गदर पक्षाशी असलेला त्यांचा संबंधही काढला. तरी 1920 साली ओरेगॉनच्या कोर्टानं त्यांना नागरिकत्व दिलं. सरकार वर गेलं, आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात पोहोचलं.

आता थोडं सावकाश जाऊ, कारण इथे आपल्याला अवघड वाटणारी गोष्ट आहे.

थिंदांच्या बाजूनं काय सांगितलं गेलं? की हा उच्चवर्णीय हिंदू आहे. 'हिंदू' हा शब्द तिकडे तेव्हा सगळ्याच भारतीयांसाठी वापरत, शीख असो की मुसलमान. हा शुद्ध आर्य रक्ताचा आहे, वंशशास्त्रज्ञ ज्याला कॉकेशियन म्हणतात त्यातला आहे. आणि रक्त शुद्ध कसं राहिलं? तर जातीच्या बंधनांमुळे, बेटीबंदीमुळे. युक्तिवादाचा आशय असा होता की उच्चवर्णीय माणूस आपल्या देशातल्या मूळ रहिवाशांशी सोयरीक करण्याकडे त्याच नजरेनं पाहतो, ज्या नजरेनं गोरा अमेरिकन काळ्या माणसाशी सोयरीक करण्याकडे पाहतो. म्हणजे, आम्हीही तुमच्यासारखेच भेदभाव करतो, म्हणून आम्हाला तुमच्यात घ्या!

मित्रहो, आम्ही हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. अन्यायाविरुद्ध लढणारा माणूस, पण हातात घेतलेलं हत्यार दुसऱ्या अन्यायाचं. फुल्यांनी ज्या अमेरिकेला पुस्तक अर्पण केलं ती दास्य तोडणारी अमेरिका होती. पन्नास वर्षांनी आपल्यातलाच एक जण त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जात ही पात्रता म्हणून मांडत होता. आणि मधल्या काळात, 1916च्या मे महिन्यात, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर नावाचा आपला एक विद्यार्थी जातीच्या उगमावर निबंध वाचून गेला होता. जात टिकते ती बेटीबंदीवर, हे त्यानं दाखवलं होतं. तीच बेटीबंदी सात वर्षांनी वकिलाच्या कागदात अभिमानानं आली.

थिंदांना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण त्यांना कायद्यानं दोनच दारं दिली होती. कायदा माणसाला रक्ताबद्दल विचारत असेल तर माणूस रक्ताबद्दलच बोलणार. प्रश्न जसा विचाराल तसा माणूस घडतो. तर्कशास्त्र शिकवताना आम्ही मुलांना नेहमी सांगत आलो की चुकीच्या प्रश्नाला बरोबर उत्तर नसतं. इथे तर चुकीच्या प्रश्नानं माणसाला खालीच खेचलं.

आणि उपयोग झाला का? नाही. 19 फेब्रुवारी 1923ला निकाल लागला. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड. त्यांचा स्वतःचा जन्म इंग्लंडमधला! गंमत अशी की तीनच महिन्यांपूर्वी ताकाओ ओझावा या जपानी अर्जदाराला त्याच न्यायमूर्तींनी सांगितलं होतं की गोरा म्हणजे कॉकेशियन, तुझा रंग कितीही उजळ असला तरी तू कॉकेशियन नाहीस. आता थिंद म्हणाले, शास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन आहे. तर कोर्ट म्हणालं, शास्त्र राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. एकाला शास्त्रानं बाहेर ठेवलं, दुसऱ्याला सामान्य समजुतीनं. मोजपट्टी बदलली, निकाल तोच.

यानंतर सरकारनं आधी दिलेली नागरिकत्वंही परत मागायला सुरुवात केली. म्हणणं असं, की तुम्ही गोरे नव्हताच, म्हणजे ते बेकायदा मिळालेलं होतं. नव्यानं अर्ज करणाऱ्याला 'नाही' म्हणणं निराळं, आणि दहा वर्षं नागरिक म्हणून जगलेल्याला 'तू कधी नव्हताच' म्हणणं निराळं. कॅलिफोर्नियाच्या जमीन कायद्याप्रमाणे नागरिकत्वाला अपात्र परक्याला शेतजमीन घेता येत नसे. 1922च्या केबल कायद्यानुसार अशा अपात्र माणसाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्रीही आपलं नागरिकत्व गमावत असे. बंगालचे क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी यांच्यावर ही वेळ आली. जन्मानं अमेरिकन बाई, आपल्याच देशात परकी.

सॅन फ्रान्सिस्कोचे वैष्णोदास बगाई यांचं तर फार वाईट झालं. पेशावरचे, 1915 साली पत्नी आणि मुलांसह गेलेले, 1921मध्ये नागरिक झालेले. नागरिकत्व गेलं, त्याबरोबर मालमत्तेचे हक्क गेले. भारतात आप्तांना भेटायला जायचं तर अमेरिकन पासपोर्ट मिळेना, ब्रिटिश पासपोर्ट घ्या म्हणाले. ज्या इंग्रजांचं राज्य नको म्हणून देश सोडला त्यांचाच शिक्का पुन्हा कपाळी! 1928 साली बगाईंनी आत्महत्या केली. जाताना त्यांनी वर्तमानपत्राच्या नावानं पत्र लिहून कारण सांगितलं. दोन्हीकडची वाट बंद झालेल्या माणसाचं ते पत्र आहे.

सखाराम गणेश पंडितांवरही दावा लागला. त्यांच्यापुढे दोन रस्ते होते. एक थिंदांचा: मी आर्य आहे, मी उच्चवर्णीय आहे. तो सुप्रीम कोर्टानं बंद केला होता. पंडितांनी दुसरा रस्ता धरला. त्यांचं म्हणणं आमच्या शब्दांत सांगतो. 1914 साली तुम्ही कोर्टात हजर होता. तुम्ही हरकत घेतली होती. कोर्टानं ती ऐकून निकाल दिला, आणि तुम्ही अपील केलं नाही. तो निकाल खरा मानून मी माझं आयुष्य उभं केलं. आधीची प्रजानिष्ठा सोडली, मायदेशातले हक्क सोडले, वकील झालो, लग्न केलं. आता तुम्ही शब्द फिरवला तर माझी सनद जाईल, मालमत्ता धोक्यात येईल आणि जिचा काही दोष नाही त्या माझ्या पत्नीचंही नागरिकत्व जाईल. एकदा निकाली निघालेला वाद पुन्हा उकरता येणार नाही.

खालच्या कोर्टानं पंडितांच्या बाजूनं निकाल दिला. 1926 साली अपील कोर्टानं तो कायम केला. 1927 साली सुप्रीम कोर्टानं सरकारचं म्हणणं ऐकायला नकार दिला. पंडित नागरिक राहिले, आणि त्यानंतर अशा दाव्यांचा सरकारचा जोर ओसरला. एका माणसानं स्वतःचा खटला लढवून कितीतरी घरं वाचवली.

वकील मंडळी म्हणतील, यात तत्त्वज्ञान काय आहे, हा तर प्रक्रियेचा मुद्दा. आम्हाला तसं वाटत नाही. थिंदांचा युक्तिवाद होता 'मी कोण आहे' याचा. पंडितांचा होता 'आपण एकमेकांना काय दिलं' याचा. पहिल्यात माणसाचा जन्म तपासला जातो, आणि जन्माच्या बाबतीत माणूस काहीच करू शकत नाही. दुसऱ्यात शब्द तपासला जातो. आपल्याकडे साधा शेतकरीसुद्धा इसार घेतल्यावर सौदा फिरवत नाही. फिरवला तर बाजारात त्याला कुणी उभं करत नाही. राज्याला हा नियम लागू नाही का? पंडितांनी कोर्टाकडून वदवून घेतलं की लागू आहे. आणि विशेष म्हणजे, हा युक्तिवाद जिंकण्यासाठी त्यांना दुसऱ्या कुणाला खालचा म्हणावं लागलं नाही. पंडितांचा मुद्दा बगाईंना लागू पडण्यासारखा होता, थिंदांना लागू पडण्यासारखा होता, उद्या आणखी कुणाला पडेल. चांगल्या युक्तिवादाची हीच खूण आम्ही मानतो.

इथे आपल्या विदर्भातल्या एका माणसाची आठवण काढायलाच हवी. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, अमेरिकेत शेतकी शिकलेले. इंग्रजी सत्ता असेपर्यंत त्यांना उघडपणे घरी परतणं शक्य नव्हतं. 1924 साली ते मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर काम केलं. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकारानं आपल्या भित्तिचित्रात त्यांना भाकरी वाटून देताना रंगवलं. तिकडच्या लोकांनी त्यांना ओळखलं ते कामावरून. पुढे ते मायदेशी परतले आणि 1967 साली वारले.

अमेरिकेतलं पुढचं थोडक्यात सांगतो. 1935 साली महायुद्धातल्या सैनिकांसाठी निराळा कायदा झाला आणि 1936मध्ये थिंदांना अखेर नागरिकत्व मिळालं, तिसऱ्यांदा. या वेळी त्यांना कुणी रक्त विचारलं नाही, सैन्यातली नोकरी पाहिली. 2 जुलै 1946ला ल्यूस-सेलर कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची सही झाली आणि भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला. येणाऱ्यांचा कोटा वर्षाला फक्त 100, पण दार उघडलं. 1952मध्ये नागरिकत्वासाठीची वंशाची अटच गेली, आणि 1965च्या कायद्यानं देशवार जुने कोटे मोडले. आज आपल्या खामगाव-चिखलीची पोरं तिकडे जातात ती या वाटेनं.

आणि आपल्याकडे? संविधानातली नागरिकत्वाची कलमं 26 नोव्हेंबर 1949लाच अमलात आली, बाकी बहुतेक संविधान दोन महिन्यांनी. फाळणीनं माणसं इकडची तिकडे झालेली, त्यामुळे या कलमांनी मसुदा समितीला फार डोकेदुखी दिली, असं बाबासाहेबांनी सभागृहात सांगितलं होतं. कलम 5 वाचा. देशात कायमचं वास्तव्य आहे का, आणि जन्म इथला आहे का, किंवा आईवडिलांपैकी कुणाचा आहे का, किंवा पाच वर्षं इथे राहिला आहात का. एवढंच. रक्त कोणतं, वर्ण कोणता, हा प्रश्न नाही. ज्या विद्यार्थ्यानं कोलंबियात बेटीबंदीवर निबंध वाचला त्याच्या देखरेखीखाली हे कलम तयार झालं. निजामाचे की इंग्रजांचे हे ज्यांना धड ठाऊक नव्हतं ते वऱ्हाडातले आपले आजोबा त्या दिवशी एक अर्जही न करता नागरिक झाले. आपल्याला फुकट मिळालं म्हणून त्याची किंमत कळत नाही, एवढंच.

मग त्या मुलीला आम्ही फोन केला. तिला ही सगळी गोष्ट सांगितली. म्हणालो, "बाळ, देश कागदावर बदलत नाही, पण शब्द कागदावर दिला जातो. तो दोन्ही बाजूंनी असतो. देणार असशील तर पाळायच्या तयारीनं दे, आणि उद्या कुणी परत मागितला तर पंडितांचं नाव आठव." ती म्हणाली, "आणि थिंद, सर?" आम्ही म्हणालो, त्यांचंही आठव. तुझ्यानंतर दारात कुणी दुसरा उभा राहील, वेगळ्या रंगाचा, वेगळ्या देशाचा, किंवा आपल्याच गावचा पण वेगळ्या आळीतला. तो आला की त्याचं रक्त विचारू नकोस.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, शपथेला साडी नेसून जाऊ का?" आम्ही म्हणालो, जा की. त्याला कुणाची हरकत आहे?